उपदेशकाचा उजवा खांदा

पत्रिकेवर सहा नावं होती आणि नऊ पदव्या. सवितानं दोनदा मोजल्या. बिशपांच्या नावापुढं तीन: बिशप, द राइट रेव्हरंड आणि डॉक्टर. त्यांच्या खालच्या साहेबांना दोन, रेव्हरंड आणि जिल्हा अधीक्षक. परभणीच्या पाळकांना एक, नुसतं रेव्हरंड. आबासाहेबांना दोन: एल्डर, आणि मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, सेक्रेटरी. बन्सीधर यांना एक, डीकन. सहावं नाव सगळ्यांत खाली होतं, बारीक अक्षरांत, आणि त्यापुढं फक्त श्री. होतं. श्री. तिनं पदवी म्हणून धरलं नाही. ते विजेच्या बिलावरही असतं. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता बोरीच्या मंडळीत या सहाव्या माणसाला दीक्षा देऊन रेव्हरंड करायचं होतं, म्हणजे बाकीची पाच नावं नऊ पदव्यांसकट ज्याच्यासाठी बोरीला येणार होती तो हा माणूस, आणि तो तिचा बाप होता. पत्रिकेच्या फोटोखाली त्याचाच अकरा सेकंदांचा आवाज आलेला होता. पेशंट चांगुणाबाईंच्या गुडघ्यावर शेकाची पिशवी ठेवून तिनं तो कानाला लावला. "सवे, रईवारी येऊ नको. उजवा हात वर होईना गेलाय. मी त्यांना नको म्हणून कळवायलोय."

हात वर होत नाही, हे वाक्य सविता दिवसातून सात-आठ वेळा ऐकत असे. त्यासाठीच तिला पगार होता. परभणीतल्या या चार खाटांच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दोन वर्षांत तिनं शंभराच्या वर खांदे मोजले होते, आणि त्या दोन वर्षांत दर रविवारी फोनवर बोलणाऱ्या बापाच्या तोंडून खांदा हा शब्द एकदाही आला नव्हता. गुडघा आला होता, कुसुमबाईंचं, म्हणजे तिच्या आईचं, पित्त आलं होतं, चर्चच्या पत्र्यावर चढणारी माकडं आली होती. एकतीस वर्षं बोरीत उपदेशक म्हणून काढल्यावर, निवृत्तीला चौदा महिने उरले असताना, ज्या आठवड्यात दीक्षा त्याच आठवड्यात खांदा. तिला इतका संताप आला की तिनं पिशवी उचलून पाहायच्या आधीच विचारलं, "चटका बसतोय का?" चांगुणाबाई म्हणाल्या, "मला न्हाई बसायला. तुमालाच कशाचा तरी बसल्यावाणी दिसायलाय." मग त्यांनी मान लांब करून फोनवरची पत्रिका पाहिली. "लगीन हाय का?" नाही म्हणून सवितानं थोडक्यात सांगितलं. "मंजी तुमचे वडील फादर होणार?" फादर वेगळे, रेव्हरंड वेगळे, असं सविता म्हणाली. "फादर मंजी बापच न्हवं का वो? अन त्यांची तर लग्नं होत न्हाईत म्हणत्यात. मग बाप कुणाचे?" सविता म्हणाली, "मावशी, पाय सरळ करा." आणि पाय सरळ होईपर्यंत तिला स्वतःचाच राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

दुपारी दोन पेशंटांच्या मधल्या वेळेत तिनं अर्थ शोधले. गोष्ट कळली नाही की तिचे भाग सुटे करून मांडायचे, ही तिची कॉलेजपासूनची खोड. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले: पदवी, मूळ अर्थ, प्रत्यक्ष काम. बिशप म्हणजे देखरेख करणारा. एल्डर म्हणजे वयानं मोठा; आबासाहेब बत्तिसाव्या वर्षी एल्डर झाले होते, तेव्हा त्यांच्या बाकावर त्यांच्याहून मोठी सात माणसं बसत होती. डीकन म्हणजे पंगतीत वाढणारा. बन्सीधरकाकांना वाढताना तिनं कधी पाहिलं नव्हतं, पहिल्या पंगतीला बसताना नेहमी पाहिलं होतं. पास्टर म्हणजे मेंढरं राखणारा, म्हणून आपला पाळक. गावातली मराठ्यांची माणसं बापाला पादरी म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ परत बापच निघाला. आणि रेव्हरंड हे काही कामच नव्हतं. आदर करावा असा, बस. म्हणजे एकतीस वर्षं देखरेख केली, वाढलं, राखलं, आणि आता शेवटच्या चौदा महिन्यांसाठी एक विशेषण. उपदेशक या शब्दापुढचा तिसरा रकाना ती भरायला बसली आणि पानाच्या तळाशी येऊन थांबली: चर्च झाडणे, घंटा वाजवणे, शाळेचे दाखले काढून देणे, आजाऱ्याला जिंतूरला नेणे, मयत उचलणे. जे नाही ते दोनच होतं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून द्यायचं प्रभुभोजन देता येत नाही. भाकर आणि मनुक्यांचं पाणी समोर मांडून ठेवायचं आणि रेव्हरंड येईपर्यंत वाट पाहायची. आणि उपासनेच्या शेवटी दोन्ही हात वर करून आशीर्वचन देता येत नाही. दीक्षा झालेला हात वर करतो. न झालेला हात जोडतो आणि लोकांबरोबर स्वतःसाठीही मागतो. परभणीच्या रेव्हरंडांकडं नऊ गावं होती, बोरीला ते दोन-तीन महिन्यांतून एकदा येत. बाकीचे सगळे रविवार हात जोडलेलेच. वही तिनं मिटली. रकाने भरून राग कमी होईल अशी तिची समजूत होती, ती चुकली.

शुक्रवारी संध्याकाळी ती जिंतूरच्या गाडीत बसली. येऊ नको म्हटल्यामुळंच बसली. पिशवीत दोन कपडे आणि दवाखान्यातला कोनमापक. खिडकीतून कापसाची झाडं मागं जात होती आणि तिला ते सगळं नको असताना आठवत होतं. ती नऊ वर्षांची होती. आबासाहेबांची आई तानुबाई खाटेला लागलेली होती आणि रेव्हरंड पाच महिने आलेले नव्हते. आई डबा घेऊन गेली, तिच्या बोटाला धरून सविता. खोलीत निलगिरीच्या तेलाचा आणि ओल्या गोधडीचा वास. बाप आधीच खाटेशी बसलेला, आणि तानुबाई त्याला एकच म्हणत होती, मास्तर, मला भोजन द्या, तसंच नका पाठवू. बाप बराच वेळ खाटेच्या पट्टीवर हात ठेवून बसला. मग त्यानं आईला मनुके भिजवायला सांगितले. भाकरीचा हरभऱ्याएवढा तुकडा त्यानं त्या पाण्यात बुडवून तानुबाईच्या ओठांना लावला, आणि उठून उभा राहिला, आणि दोन्ही हात वर केले. खोली ठेंगणी होती, बोटं पत्र्याला लागली, पत्रा वाजला. सविताला हसू आलं होतं. दारात आबासाहेब उभे होते. तानुबाई दुसऱ्या दिवशी गेली, आणि तेराव्या दिवशी आबासाहेबांनीच बिशपांच्या मंडळाकडं तक्रार केली: अधिकार नसलेल्या माणसानं माझ्या आईला भोजन दिलं, आशीर्वाद दिला. मंडळानं बापाला सहा महिने उपदेश करायला बंदी केली आणि रविवारी सगळ्यांपुढं उभं राहून माफी मागायला लावली. तो माफी मागत असताना त्याचे हात कुठं होते हे सविताला अजून दिसतं. मांड्यांना चिकटून, मुठी वळलेल्या. तेव्हापासून तिनं आबासाहेबांना काका म्हणणं सोडलं, आणि त्यांनीच आता मंडळाकडं चार खेटे घालून बापाची दीक्षा मंजूर करून आणली होती. हे गणित तिला सुटत नव्हतं आणि न सुटणाऱ्या गणितावर लोक मांडव घालतात याची तिला चीड होती.

फाट्यावर उतरली तर शेजारचे सिद्धोधन गुरुजी मोटारसायकलवर भेटले. शाळेत शिकवतात, विहारात वंदना घेतात. "बसा सविताताई. रईवारची तयारी लय जोरात चालू हाय तुमची. एकतीस वर्षं लागली म्हणं?" हो, ती म्हणाली. "आमच्यात बरं. माझा पप्पू सुट्टीत दहा दिवस श्रामणेर, मंजी शिकाऊ भिक्खू, झाला. चीवर अंगावर, मी सोता त्याच्या पाया पडलो. अकराव्या दिवशी चीवर उतरवलं अन आईच्या हातचा मार खाल्ला." सविता हसली, या दोन दिवसांत पहिल्यांदा. मग गुरुजी गाडीच्या आवाजावरून ओरडले, "पण मास्तर दिसना गेलेत दोन दिसांपासून. आजारी हायत का?"

आजारी नव्हते. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांच्या घरासमोर तिचे वडील सटवाजी खुर्चीत बसून शेंगा फोडत होते, दोन्ही हातांनी, चांगल्या फोडत होते. "येऊ नको म्हणलं होतं," ते म्हणाले. "म्हणून आले," ती म्हणाली. कुसुमबाई आतून म्हणाल्या, "पोरीला पाणी तर घिऊ द्या, मग भांडा." सवितानं पाणी घेतलं नाही. कोनमापक काढला, म्हणजे एका टोकाला जोडलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आणि बापाला ताठ बसवलं. डावा हात वर करा. एकशे पासष्ट अंश. वयाच्या मानानं उत्तम. उजवा. हात निघाला, छातीच्या उंचीला आला आणि थांबला. अडुसष्ट. "दुखतंय?" "न्हाई." "मग?" "न्हाई होत वर." मग तिनं त्यांना आतल्या सतरंजीवर उताणं झोपवलं, सगळं ढिलं सोडा म्हणाली आणि त्यांचा उजवा हात स्वतः उचलला. हात हलका होता, कोपराची कातडी सुरकुतलेली, बोटांना शेंगांच्या फोलपटांचा वास. नव्वद, एकशे दहा, एकशे तीस, कुठंही अडकला नाही. एकशे अठ्ठावन्न. बापानं पापणीसुद्धा हलवली नाही. आखडलेला खांदा दोन्हीकडून आखडतो. तो मालकाला उघडत नाही आणि पाहुण्यालाही उघडत नाही. हा पाहुण्याला उघडत होता. तिनं जोर लावून पाहिला, सगळे स्नायू धड होते. "काय निघालं?" कुसुमबाईंनी विचारलं. "काही नाही निघालं," सविता म्हणाली, आणि हे वाक्य पेशंटच्या नातेवाइकांना सांगताना किती गोड असतं आणि आता किती कडू लागतंय असं तिला वाटलं.

शनिवारी सकाळी प्रार्थनेची घंटा व्हायची होती. पोरांनी ओढू नये म्हणून घंटेचा दोर वर खिळ्याला गुंडाळून ठेवलेला असे. ती दात घासत दारात उभी होती. सटवाजी आले, उजवा हात सरळ डोक्यावर नेला, दोराचे तीन वेढे काढले आणि घंटा वाजवली. एकशे चाळीसच्या खाली नव्हता तो. तिनं चूळ टाकली आणि तशीच गेली. "अप्पा, तुम्ही मला काय समजता?" ते दोर परत गुंडाळत होते, त्यांना स्वतःचा हात दिसला आणि त्यांनी तो खाली घेतला. "मी काल अर्धा तास तुमचा खांदा मोजला. तुम्हाला दीक्षा नको असेल तर नको म्हणा. माझ्या धंद्याचं नाव कशाला पुढं करता?" ते म्हणाले, "नको म्हणता येत न्हाई." "का?" "मंडळीला भोजन मिळून चार महिने झाले. मी न्हाई झालो तर आणिक चार." "मग हो म्हणा." "ते बी म्हणता येत न्हाई." तिनं घासायचा ब्रश खाली आपटला. एवढ्या मोठ्या माणसानं एका प्रश्नाची दोन उत्तरं बंद करून मधे बसून राहावं, आणि वर शांतपणे दोराची गाठ तपासावी. तिला वाटलं, तो तेव्हा ओरडला असता, माफी मागणार नाही म्हणाला असता, तर ही वेळच आली नसती. आणि लगेच वाटलं, तो ओरडला असता तर तो दुसराच कुणी झाला असता, आणि मग तिचा राग कुणावर होता?

दहाच्या सुमारास आबासाहेब आले. कापडी पिशवीतून इस्त्री केलेला पांढरा झगा काढून त्यांनी खाटेवर ठेवला. साठीचे, दाढी वाढलेली, एल्डर शब्दाला आता कुठं शोभणारे. "मास्तर, बिशपसाहेबाची गाडी उद्या नऊला निघतीया. शेवटचं आशीर्वचन तुमी द्यायचं, तसं ठरलंया." कुसुमबाई चहा घेऊन आल्या, आबासाहेबांनी कप घेतला, प्याले नाहीत. सविता भिंतीला टेकून उभी होती. हा माणूस केव्हा जाईल याची वाट पाहत होती. "मास्तर, एक इचारू का? बिशपसाहेबाला इचारायची हिंमत न्हाई झाली." त्यांनी कप खाली ठेवला. "उद्या तुमी रेव्हरंड झाले की... ते मागचं बी लागू व्हतं का? न्हाई, शाळंत कसं, शिक्षकाला कायम करत्यात तवा मागच्या तारखंपासून धरत्यात. तसं. आईचं." "तुमची तक्रार केली ती रागानं न्हाई केली. आईला खोटं दिलं म्हणून माझी झोप उडली व्हती. आजून उडती. तुमाला दीक्षा झाली तर तिचं बी खरं होईल, म्हणून मी मंडळाच्या दारात बसलो." सविताच्या मनात सतरा वर्षं तयार असलेली वाक्यं होती, चांगली धारदार, आणि त्यातलं एकही या माणसाला लागू पडेना. त्याचाही तिला राग आला. सटवाजी म्हणाले, "आबा, मला ठाऊक न्हाई." आबासाहेब मान हलवत उठले. दारात वळून म्हणाले, "झगा लांब वाटला तर वैनीला टाचायला सांगा."

ते गेल्यावर सटवाजींनी झग्याची बाही हातात घेतली. "आता कळलं का, हात का वर होईना?" तिला कळलं नव्हतं आणि तसं ती म्हणाली. "उद्या परवानगी घिऊन हात वर केले, की मी सोताच सगळ्यांपुढं सांगितल्यावाणी होतं, आजचे खरे, तवाचे खोटे. मी माफी मागितली ती नेम मोडला म्हणून. खोटं दिलं म्हणून न्हाई मागितली. तानुबाई माझ्या हातचं घिऊन गेली. आता तिनं खोटं नेलं असं मी माझ्याच हातानं सांगू? अन न्हाई केले तर ही जिती माणसं तशीच." आवाज चढला नव्हता. कुसुमबाई म्हणाल्या, "हेच मला तीन रात्री सांगायलेत. मी काय सांगणार?"

सवितानं पिशवीतून कोनमापक काढला, कारण हातात काहीतरी धरल्याशिवाय तिला बोलता येईना. "हा जुना घेतलेला. दोन वर्षं मी यानं मोजलं. मग मागच्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी तो तपासायला पाठवला, बरोबर आहे असा कागद आला. कागद आला म्हणून माझी आधीची मोजणी बरोबर ठरली नाही. ती होतीच बरोबर. कागदानं मागं काही बदलत नाही, खरंही होत नाही आणि खोटंही होत नाही." सटवाजींनी पट्ट्या उघडून मिटून पाहिल्या. "अन वाकडा निघाला असता तर?" "तर पहिल्या दिवसापासून वाकडा होता." "मंजी माझे तवाचे हात सरळ व्हते का वाकडे, ते तुला बी सांगता येत न्हाई." चार वर्षं शरीरशास्त्र शिकून आपण बापाला एवढंच सांगू शकतो, याचा तिला वीट आला. "नाही येत," ती म्हणाली. "पण उद्या तुम्ही काय केलं त्यावरून ते ठरत नाही, एवढं सांगता येतं. आबासाहेबांनाही तेवढंच सांगा." सटवाजी म्हणाले, "तेवढ्यावर त्याला झोप लागंल?" "मला माहीत नाही, अप्पा!" ती इतक्या जोरात ओरडली की चर्चच्या पत्र्यावरचं माकड उडी मारून गेलं. ते हसले. मग आपण होऊन म्हणाले, "बाही टाच गं कुसुम, बोटं झाकायलीत."

रविवारी चर्चमध्ये त्र्याऐंशी माणसं होती. बाकं भरून उरलेली सतरंजीवर. उकाडा, मोगऱ्याचे गजरे, बिशपांच्या गाडीच्या ड्रायव्हरनं दारात चार्जिंगला लावलेला फोन. भाषणं झाली, नऊच्या नऊ पदव्या एकेकदा उच्चारल्या गेल्या. बिशपांनी गुडघे टेकलेल्या सटवाजींच्या डोक्यावर हात ठेवला, प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. चार महिन्यांनी भोजन झालं. लोक रांगेनं गेले, सविताही गेली, मनुक्यांचं पाणी जिभेला गोड आणि किंचित आंबट लागलं. मग शेवटचं गीत संपलं आणि नवे रेव्हरंड आशीर्वचन देतील असं अधीक्षकांनी सांगितलं. सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या, डोळे मिटले. सवितानं मिटले नाहीत. पहिल्या बाकावर आबासाहेबांनीही मिटले नव्हते. सटवाजी पांढऱ्या झग्यात उभे होते, हात जोडलेले, नजर आबासाहेबांवर. पेशंटला हात वर धरून ठेवायला सांगताना लावते तसं तिनं सवयीनं फोनवरचं घड्याळ तयार ठेवलं आणि आपला अंगठा घामानं ओला झालाय हे तिला कळलं. कुणीतरी खोकलं. जोडलेले हात सुटले, खाली गेले, मांड्यांना लागले. मग दोन्ही हात एकदम निघाले, छातीवरून, खांद्यावरून, बाह्या मागं सरकल्या, कोपरं सरळ झाली, आणि तिनं बटण दाबलं.

बावीस सेकंदांनी आमेन झालं. हात वरच राहिले, नजर आबासाहेबांवर. हात खाली आले तेव्हा एक मिनिट एकोणतीस सेकंद झाले होते.